बन्सीचे ओठ

त्या काळी औरंगाबादला चिकलठाण्यात नवी कंपनी आली की आधी बोअर मारायचे आणि मग ऑर्केस्ट्रा काढायचे. आमचा बोअर दोन वर्षांत आटला. ऑर्केस्ट्रा टिकला. त्यात मी हार्मोनियमवर.

गायक बन्सी. दिसायला राजबिंडा, गळा पत्र्याचा. म्हणून स्टेजवर तो नुसते ओठ हलवायचा आणि मागं पडद्याआड सोयगावचा रामकिसन गायचा. दोघंही टेंपरवारी. "साहेब खूश झाले की दोघं परमनंट," असा बन्सीचा शब्द होता.

साहेब खूश झाले. बन्सी परमनंट झाला. रामकिसन भांडायला गेला तर बन्सी म्हणाला, "तुला गाताना कुणी पाह्यलंय का?" त्याच आठवड्यात रामकिसनला ब्रेक दिला, म्हणजे घरी पाठवलं. उन्हाळ्यात तो गावच्या विहिरीत सापडला.

पुढच्या गणपतीत साहेबांनी मुंबईचे पाहुणे आणले. बन्सी मफलर गुंडाळून माझ्याकडं आला.

"गळा बसलाय म्हणून सांग ना त्यांना."

"तूच सांग. तुझा आवाज ऐकला की लगेच पटंल."

साहेबांनी त्याला स्टेजवर ढकललंच. मी सूर धरला. बन्सीनं सवयीनं ओठ हलवले.

गाणं सुरू झालं.

रामकिसनचा आवाज. अंतऱ्याआधी तो नाकानं श्वास ओढायचा, तोसुद्धा. मी वाजवता वाजवता मागं वाकून पडदा उचलला. आत रिकामं स्टूल होतं. त्यावरून पाणी ठिबकत होतं.

बन्सीनं घाबरून तोंड मिटलं. गाणं चालूच राहिलं.

"तोंड मिटून गातो," साहेब पाहुण्यांना म्हणाले. "आमच्याकडं टॅलेंट लई."

उतरल्यावर बन्सी मला काहीतरी सांगायला लागला. ओठ हलले, आवाज नाही.

"चल, घरी जाऊ," पडद्यामागून आवाज आला.

आठवड्यानं मी त्याच्या मुकुंदवाडीच्या खोलीवर गेलो. बन्सी खाटेवर बसला होता. वाळला होता.

"बरा हायेस का?"

त्याचे ओठ हलले.

"मजेत हाय. बस, चहा घे," उत्तर न्हाणीतून आलं.

"हल्ली लई गोड बोलतात हो," बन्सीची बायको चतुराबाई लाजून म्हणाली.

बन्सीनं तिचा पदर धरला. तिनं तो सोडवला, माशी हाकलावी तसा.

"अगं, टॉवेल," आतून हाक आली.

"आले हो."

न्हाणीचं दार बोटभर उघडलं. टॉवेल आत ओढला गेला.