शरणप्पाचा ‘बंद’

हे सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. तो ट्रॅक्टरवाला नवनाथ तर आत्तापासूनच हसतोय. हस बाबा. पण कारखान्यातला गुन्हेगार एका कानडी शब्दावरून धरला गेला, हे खरं आहे.

कारखाना आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला. नाव घेत नाही, तोंडाची चव जाते. हंगाम भरात, आणि उसाच्या वजनकाट्यावर पावतीच निघेना. ट्रॉल्या फाट्यापर्यंत उभ्या. ऊस वाळतोय, बैल उपाशी.

कारण होतं सर्व्हर. त्याच्या पोटात प्रोसेसर भरपूर, पण लायसन थोड्यांचंच. बाकीचे झोपलेले. गर्दी झाली की कोड घालून त्यांना उठवायचं, तेही ठरलेल्या दिवसांपुरतं. कुणीतरी हंगामाआधीच त्यांना उठवून ठेवलं होतं. सगळे दिवस फुकट जळाले, आणि ऐन गर्दीत कोड चालेना.

पासवर्ड वापरला होता सिद्धेश्वरीचा. सर्व्हर सांभाळणारी मुलगी. “संध्याकाळी हिला कामावरून काढा,” चेअरमन म्हणाले.

चौकशीला पंचाक्षरी, पोलिसातून निवृत्त झालेला सुरक्षा अधिकारी. सर्व्हरच्या खोलीत शिरताच त्याने नाकाला रुमाल लावला. माणसं चपला बाहेर काढतात त्या खोलीत, एसीखाली, माव्याची पिचकारी.

“हंगामाआधी तू सुट्टीवर गेलीस तेव्हा प्रोसेसर?”

“झोपलेलेच होते, काका. दुपारी निघाले ती आईच्या ऑपरेशनला. मग सुट्टीच.”

“पासवर्ड कुणाकडे?”

“शिवराजसाहेबांनी मागून घेतला होता. साहेबांना नाही कसं म्हणायचं?”

शिवराज कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. तो गालातल्या गालात हसला. “बाई गेल्यावर खोली बंद होती. वॉचमननेच सांगितलंय की.”

वॉचमन शरणप्पा वळसंगचा, घरात कानडी. चेअरमनपुढे तो एवढंच बोलला होता, “बाई होदळू. बंद.”

पंचाक्षरीही कानडी बोलणारा. त्याने शरणप्पाला सगळ्यांसमोर विचारलं, “यार बंद?”

“शिवराज.”

“साहेब,” पंचाक्षरी चेअरमनांकडे वळला, “कानडीत बंद म्हणजे आला. मी विचारलं, ‘कोण आला?’ बाई गेली, हा आला. तुम्ही मराठीत ऐकलंत आणि खोलीला कुलूप लावलंत.”

“साहेबाला कुणी ‘आला’ म्हणतं का?” चेअरमन म्हणाले.

“तिथंच फसलो आपण. मानाने बोलायचं तर ‘बंदरु’. तसं म्हणाला असता, तर तुम्हालाही संशय आला असता. काय शरणप्पा, मान का दिला न्हाईस?”

“त्याची थुंकी रोज मी पुसतो,” शरणप्पा म्हणाला. “त्याला कशाला ‘रु’ लावू?”

पंचाक्षरीने सिद्धेश्वरीला सर्व्हर उघडायला लावलं. आत शिवराजच्या वाढदिवसाची फिल्म. ढगातून शिवराज उतरतोय, दोन्ही बाजूंना सिंह. फिल्म झटपट तयार व्हावी म्हणून त्याने सगळे प्रोसेसर उठवले, मग परत झोपवलेच नाहीत. बाहेर बैल हंबरत होते, आणि पडद्यावर हा हात जोडून हसत होता.

चेअरमननी शिवराजला तिथल्या तिथं हाकललं, आणि त्याच्याच खुर्चीत सिद्धेश्वरीला मानाने...

“थांबा की नाना,” नवनाथ म्हणाला. “का खोटं सांगताय? काल मी ऊस घालून आलोय. शिवराज हाय तितंच, त्याच खुर्चीत. अन् ती पोरगी जुळे सोलापुरात झेरॉक्स काढतीया.”