नान्तवेलिनचं तहानलेलं इंजिन

“अहो, सोडा की!”

“नाही सोडणार!”

पहिल्या भेटीत नेस्टा पार्री आणि इडवल यांच्यात एवढंच बोलणं झालं, आणि तेही पळता पळता. इडवल मालगाडीच्या इंजिनातून वाकलेला, नेस्टा फलाटावर, आणि दोघांच्या हातात एकच तारेचं कडं. कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत पितळी टोकन. नान्तवेलिन स्टेशनच्या पुढे डोंगरात एकेरी रूळ होता. टोकन ज्या गाडीकडे, तीच पुढे जाणार. म्हणून स्टेशनमास्तर प्यूसाहेबांनी सकाळीच नव्या पोरीला बजावलं होतं, “जीव गेला तरी टोकन हातातून सुटता कामा नये.” ते शेवटी इंजिनात कोळसा घालणाऱ्या फायरमनला द्यायचं असतं, हे सांगायचं मात्र राहूनच गेलं होतं.

गाडी माणूस पळेल एवढ्याच वेगानं जात होती, तरी फलाट कधीतरी संपणारच! शेवटी नेस्टानं डोळे मिटले, कडं सोडलं आणि दुधाच्या रिकाम्या कॅनांमध्ये धाडकन जाऊन बसली. डोळे उघडले तेव्हा इंजिन वळणावर पोचलं होतं. काळ्या तोंडाचा तो फायरमन तिच्याकडे बघून हसत होता... दात तेवढे पांढरेशुभ्र.

“मेलं माकड,” नेस्टा म्हणाली.

लढाईमुळे गावातली तरणी माणसं फौजेत गेली होती, म्हणून स्टेशनातल्या कामांवर मुली आल्या होत्या. नेस्टा सिग्नलचे खटके ओढायची, तिकिटं फाडायची, कोंबड्यांच्या पेट्या उतरवायची. सकाळची मालगाडी नान्तवेलिनला कधीच थांबत नसे. टोकन घ्यायची आणि चालू लागायची.

दुसऱ्या दिवशी ती थांबली.

“पाणी हवंय,” इडवल उडी मारून म्हणाला. टाकीचा नळ इंजिनाकडे वळवत त्यानं हळूच विचारलं, “काल लागलं का हो?”

“कॅनांना विचारा. दोन चेपलेत.”

“तुमची पकड भलतीच घट्ट आहे.”

“रेल्वेचा माल मी घट्टच धरते.”

“फायरमन रेल्वेच्या मालात मोडतो का?”

नेस्टानं तोंड फिरवलं. हसू दिसू नये म्हणून... पण कान लाल झाले, त्याला काय करणार?

त्यानंतर इंजिनाला रोजच तहान लागू लागली. चार मिनिटं पाणी, आणि तेवढ्यात जे बोलायचं ते बोलायचं. एकदा इडवलनं भट्टीत तापवलेल्या फावड्यावर अंडं तळून आणलं. अंडं ड्रायव्हर टेक्विनच्या कोंबडीचं.

“फावडं धुतलं होतं का?” नेस्टानं विचारलं.

“तुमच्यासाठी दोनदा.”

तिनं त्याला चहा दिला. पेल्यावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. संध्याकाळी तिनं सगळे पेले विसळले. तो एक तसाच फळीवर मागं सरकवून ठेवला.

प्यूसाहेबांच्या नजरेतून हे सुटलं, असं नाही. एके दिवशी ते घड्याळ हातात धरून इंजिनापाशी आले. “टेक्विन, बारा वर्षं हे इंजिन खालून पाणी भरून थेट डोंगर चढतंय. आत्ताच काय झालं? खारे मासे खातंय की काय?”

टेक्विन चॅपेलमधला, म्हणजे प्रार्थनाघरातला, वडीलधारा माणूस. खोटं बोलायचा नाही. त्यानं टोपी काढली, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, “तहान तर आहेच, साहेब. कुणाला आहे, एवढं विचारू नका.”

असे सहा आठवडे गेले. मग एका शुक्रवारी इडवल नळ वळवून नेस्टापाशी आला. भुरभुर पाऊस पडत होता.

“सोमवारपासून माझी स्वान्सीला बदली आहे,” तो म्हणाला. “इंजिनांचं मोठं शेड आहे तिथं. पुढे ड्रायव्हर करतील.”

“चांगलं झालं की,” नेस्टा म्हणाली.

“उद्या इथली शेवटची फेरी. नेस्टा, मला तुला काहीतरी... उद्या सांगतो.”

‘तुला’ म्हणाला! त्या एका शब्दावर तिनं रात्र काढली.

शनिवारी गाडी आली, आणि नेमका त्याच वेळी प्रोथेरोबाईंचा मेंढा मालाच्या पेटीतून निसटला. प्यूसाहेब त्याच्या मागे, प्रोथेरोबाई छत्री घेऊन प्यूसाहेबांच्या मागे. मेंढा नळाखाली आला. इडवलनं त्याची शिंगं धरली, मेंढ्यानं इडवलला ओढलं, आणि टाकीचं सगळं पाणी दोघांच्या डोक्यावर पडलं. मेंढा पेटीत गेला तेव्हा चार मिनिटं संपून सहावं लागलं होतं.

“चला आता!” प्यूसाहेब ओरडले.

इडवलनं निथळत कडं हातात घेतलं. “नेस्टा, मी...” पुढचं शिट्टीत बुडालं. गाडी हलली.

नेस्टा सिग्नलच्या केबिनचा जिना चढली. वळणावरचा शेवटचा सिग्नल द्यायचा तेवढा बाकी होता. तिनं खटक्यावर हात ठेवला... आणि ओढला नाही.

दूर गाडी थांबली. टेक्विननं शिट्टी दिली. परत दिली. नेस्टा हाताची घडी घालून उभी राहिली. सिग्नलपाशी गाडी तीन मिनिटं अडकली, तर फायरमननं चालत केबिनमध्ये यायचं, कारण विचारायचं आणि वहीत सही करायची, असा रेल्वेचा पक्का नियम होता.

रुळांवरून एक ओला माणूस पळत आला.

“काय अडथळा आहे?” इडवलनं धापा टाकत विचारलं.

“काल काहीतरी सांगायचं म्हणाला होतास.”

“त्यासाठी अख्खी मालगाडी अडवलीस?”

“एवढ्या लांबून ऐकू आलं नसतं.”

रोज टोमण्याला टोमणा देणारा इडवल आता ओली बाही पिळू लागला. “स्वान्सीला... खोली मिळतेय. दोन खिडक्या आहेत.”

“खिडक्यांचं नाही विचारलं.”

“तिथं केबिनमध्येही मुली घेतायत...”

“नोकरीचंही नाही.”

“अगं, मग... लग्न करशील माझ्याशी?”

“करीन,” नेस्टा म्हणाली. तिनं खटक्याचा आधार घेतला, त्यानं तिचा.

प्यूसाहेब जिना चढून आले तेव्हा नेस्टाच्या गालावर काळा पट्टा होता आणि दोघं दोन कोपऱ्यांत उभी होती. साहेबांनी वही उघडली. नुकतंच लिहिलेलं त्यांनी मोठ्यानं वाचलं, “अडथळा : खासगी. आता दूर झाला.” खाली इडवलची सही.

“मिस पार्री, याचं स्पष्टीकरण वरच्या कचेरीत द्यावं लागेल.”

“देईन, साहेब.”

“बोलणी बसतील.”

“बसू देत.”

प्यूसाहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग पेन उचलून ‘खासगी’ खोडलं, त्यावर ‘मेंढा’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि इडवलकडे वळून गरजले, “बघतोस काय? पळ! तुझं लग्न ठरलंय, माझी लाईन का अडकलीय?”