केळफुलाची चुगली

स्टॅनी मास्तरांना सकाळी आगाशीच्या घरातून उचललं, तेव्हा हातात चहाचा कप होता. कपासकट ठाण्यात आणलं.

गुन्हा ऐका! सीमेवर लढाई पेटलेली असताना या गृहस्थाने ऑनलाइन ज्ञानकोशात फुकट राबून लिहिलं, की तोफगोळ्यांत आपलीही सहा माणसं गेली. आकडा सरकारी पत्रकातला. तरी गावातले शूरवीर शाईचा डबा घेऊन ठाण्याबाहेर हजर. सीमा लांब होती, मास्तर जवळ होते.

शाळेने कळवलं होतं : गुन्हा नोंदला, की नोकरी गेली.

इन्स्पेक्टर विनिता म्हात्रेंना वेगळंच खटकलं. मास्तर ‘केळफूल’ या टोपणनावाने लिहीत. खरं नाव तिघांनाच ठाऊक. मग चुगली कोणाची? निनावी फोन विरार स्टेशनजवळच्या दुकानातून आलेला. तोंडावर रुमाल धरलेला आवाज :

“केळफूल म्हणजे आगाशीचा स्टॅनी. देशद्रोही आहे. लढाईचं पान, जुन्या आवृत्त्या. मी पाहिलं मंगळवारी.”

विनिताबाईंनी तिघांना बोलावलं.

“तुम्ही सांगितलंत?” बायकोला, एलिनाला विचारलं.

“मॅडम, मी नवऱ्याची तक्रार केली असती तर घोरण्याची केली असती!”

शेजारी फ्लॉईड म्हणाला, “मला वाटायचं तो रात्री रमी खेळतो. केळफूल कळलं ते बारशाला, दोन पेग झाल्यावर.”

तिसरा फुलपाड्याचा जितेश, मास्तरांबरोबर ज्ञानकोशात लिहिणारा.

“कसा माणूस आहे?”

“देवमाणूस! त्याचं सदस्य-पान बघा, पहिला परिच्छेद. मी कालच पाहिलं.”

“भांडण?”

“एका आकड्यावरून, किरकोळ.”

विनिताबाई हसल्या. “चिडलेला माणूस शिवी देतो आणि फोन ठेवतो. फोनवाल्याने पान सांगितलं, आवृत्त्या सांगितल्या, पाहिल्याचा वारही सांगितला. प्रत्येक गोष्टीला संदर्भ द्यायची ही खोड ज्ञानकोशवाल्यांची. आत्ता मास्तरांची स्तुतीसुद्धा तू तशीच केलीस. जुन्या आवृत्त्या मीही उघडल्या. शत्रूचे पाच हजार मेले, असं तू लिहायचास, मास्तर खोडायचे. म्हणून काटा काढलास. दुकानदार बाहेर बसलाय. बोलावू?”

“नको, मॅडम. फोन मीच केला,” जितेश म्हणाला.

“शिवीला संदर्भ दिलास. आणि त्या पाच हजारांना?”

“व्हॉट्सॲपवर आलं होतं, मॅडम.”

मास्तरांना सोडलं. गुन्हा नोंदलेला नाही, हे सांगायला विनिताबाईंनी शाळेला स्वतः फोन केला. रिकामा कप घेऊन एलिनाही निघाली. बाहेरचे शूरवीर गोंधळले. माफीबिफी कोणाला सुचली नाही.

“मॅडम, मग या शाईचं काय करायचं?” डबेवाल्या शूरवीराने विचारलं.

“आत पाठवा. जितेशला जबाब लिहायचाय. संदर्भासकट.”