लुबानचा डबा

दाट धुक्यात भरवसा कुणावर ठेवशील? डोळ्यांवर, कानांवर, की नाकावर? घाईनं उत्तर देऊ नकोस. सलालात दुकान थाटायला आला आहेस, तर आधी आमच्या सिराजभाईंचं ऐक. सुलेमानी चहा चालेल ना? मग बस.

सिराजभाई मूळचे रत्नागिरीकडचे. इथं लुबान विकतात. लुबान म्हणजे झाडाचा सुकलेला चीक, धुपासारखा जाळायचा. शाळा चौथीपर्यंत, पण नाक असं की अरब व्यापारीसुद्धा वचकून असतात. एकदा जयप्रकाश नावाच्या मुंबईच्या गिऱ्हाइकानं त्यांचे डोळे बांधून एकेक धूर नाकाखाली धरला. सिराजभाईंनी प्रत्येक लुबान कुठल्या डोंगरातला ते सांगितलं, आणि शेवटच्याला म्हणाले, "हा माल आमच्याकडचा नाही शेठ, ही तुमची सिगरेट."

तर २०१४ सालचा खरीफ होता. सगळा ओमान उन्हानं करपतो, तेव्हा इथले डोंगर हिरवे होऊन धुक्यात बुडतात, तो हंगाम. त्या वर्षी मस्कतला खतिजाभाभींचं काळजाचं ऑपरेशन झालं होतं. सिराजभाईंनी मन्नत मागितली होती : बायको स्वतःच्या पायांनी घरी आली, तर डोंगरावरच्या दर्ग्यात माझ्या हातानं निवडलेला लुबान जाळीन. भाभी चालत घरी आल्या. मग सिराजभाई एकेक खडा उजेडाला धरून निवडत बसले. सगळ्यात वरचा माल, हौजरी. डब्यात भरला, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली. भाभी म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला एवढा निवडून कधी दिलात काय?"

दुपारची नमाज उरकून दोघं निघाले. दर्ग्याची पायवाट झाडीतून चढते. एका अंगाला उंबर आणि चिंचा, दुसऱ्या अंगाला तुटलेला कडा. भाभींना वाटेच्या तोंडाशी उतरवून सिराजभाई म्हणाले, तू सावकाश चढायला लाग, मी गाडी लावून आलोच.

ते परत येईतो धुकं खाली उतरलं होतं.

भरदुपारची वेळ, पण सगळं पांढरं. झाडांचे बुंधे गेले, मग वाट गेली, मग स्वतःच्या चपलाही दिसेनात. पानांवरून टपटप थेंब पडत होते. ओल्या मातीचा आणि उंटांच्या लेंडकांचा वास. त्यांनी भाभींना हाक मारली, ती कापसात दाबल्यासारखी विझली. काळजाला टाके पडलेली बाई, एकटी, आणि बाजूला कडा.

"सिराज..."

आवाज भाभींचाच. डावीकडून, जरा खालून. ऑपरेशननंतर लागायची तशीच धाप.

"सिराज... इकडे. मी पडले..."

ते आवाजाच्या दिशेनं झपाझप निघाले. तेवढ्यात उजवीकडून, वरून, धुराचा एक पदर नाकाशी आला. लिंबाच्या सालीसारखा, मागे किंचित मिरीचा झणका. हौजरी. दर्ग्याच्या मुजावरानं पेटवला असेल, असं त्यांना वाटलं. पण त्या वासानं पाऊल थबकलं ते थबकलंच, आणि मग डोकं चालू लागलं.

खतिजानं लग्नापासून आजतागायत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. इस्पितळात नर्सनं विचारलं, तेव्हासुद्धा कार्ड पुढे सरकवलं होतं.

त्यांनी पायानं पुढची जमीन चाचपली. जमीन नव्हती. एक दगड सुटला, आणि तो कुठे पडल्याचा आवाज आलाच नाही.

अल्लाचं नाव घेत ते वळले आणि वास येईल तिकडे हातापायांवर चढू लागले. खालून हाक येतच होती. फक्त आता त्या आवाजाला धाप लागत नव्हती.

दर्ग्याच्या उंबऱ्यात भाभी बसल्या होत्या. धडधाकट. सिराजभाईंनी त्यांचा हात धरला तो सोडवेना.

"तुमी माझ्या पुढे कसे आलात, आन् मग परत खाली कशाला गेलात?" भाभींनी विचारलं. "लुबान तुमीच लावलात ना?"

"मी आत्ता येतोय. मुजावर कुठंय?"

"कोण नाय इथं. मला खालून तुमचीच हाक आली... मी निघाले पण होते. मग वरून लुबानचा वास आला. म्हटलं, डबा तुमच्या खिशात, म्हणजे तुमी वरच आहात. मग खालचा कोण?"

सिराजभाईंनी आत जाऊन धूपदाणी पाहिली. थंडगार. तळाशी पाणी साचलेलं, त्यात उंबराचं पान.

त्यांनी खिशातून डबा काढला. चिकटपट्टी जशीच्या तशी होती, टोक नखानं सोडवावं लागलं. झाकण उघडलं. आत राख होती. पिठीसारखी मऊ, अजून कोमट.

मोठा पक्का माणूस, पण तिथं लहान पोरासारखा रडला. मन्नत फेडायला आले होते ते, आणि फेडण्याआधीच दोघांचे जीव पदरात पडले होते. दोघांनी दुवा मागितली, राख कबरीपाशी ठेवली.

बाहेर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तू मला नावानं हाक मारलीस?"

भाभी मोकळ्या हसल्या, मोठ्यानं म्हणाल्या, "येड लागला काय? मी काय म्हणते तुमाला? यासिरचे अब्बा म्हणते ना." यासिर त्यांचा मुलगा, मस्कतजवळ बौशरला असतो.

हातात हात घालून ते उतरू लागले. कड्याच्या वळणावर आले, आणि खालून, अगदी गोड, भाभींच्याच गळ्यातून...

"यासिरचे अब्बा..."

सिराजभाईंनी वळून पाहिलं. भाभींचे ओठ घट्ट मिटलेले होते. मागून पुन्हा तो वास आला आणि गाडीपर्यंत पाठीशी राहिला.

दोघं अजूनही दर खरिफात जातात, नवा डबा घेऊन. आभार मानतात. उतरताना गाडीत बसेपर्यंत एकमेकांशी शब्द बोलत नाहीत.

तेव्हा बाबा, दुकान थाट, भरभराट होऊ दे. पण हिशोब सचोटीनं ठेव. न मागता जे मिळालं, ते जमेच्या बाजूला सगळ्यात वर लिही. आणि ज्याचा मेळ बसत नाही, ते खोडू मात्र नकोस.