आठ नटांचा शेंदूर

श्रीधरनं पाण्याचा पेला उचलला, पण तोंडाशी नेईपर्यंत निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. डावा हात गळ्यात बांधलेला होता.

"नानाजी, मले कोनीतरी माराले पाहून राह्यलं," तो म्हणाला. "अन् ते घरातलंच आहे."

शेजारी बसलेल्या माधवनं पेला त्याच्या हातून घेतला. श्रीधर म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, इंदिरेचा नवरा. हिंगणघाटहून पहाटेच्या आगगाडीनं तो वर्ध्याला थेट मेहुण्याच्या दारात आला होता, आणि माधवनं त्याला तसाच नानाजी देवतळ्यांकडे आणला होता. नानाजींनी पंधरा वर्षं एका विमा कंपनीसाठी मोडक्या मोटारी तपासल्या होत्या; आता ते अडल्यानडल्या माणसांसाठी तपास करत. माधव शाळेत ड्रॉइंग मास्तर. उतार लागला की सायकलवरून उतरून ती हातात धरून चालणारा हा माणूस नानाजींना जागेची चित्रं काढून द्यायचा, आणि तेवढ्यावर स्वतःला अर्धा गुप्तहेर समजायचा.

"सुरुवातीपासून सांगा," नानाजी सुपारी कातरत म्हणाले.

श्रीधरनं सांगितलं. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यानं दोन माणसांची विलायती मोटार घेतली होती. येत्या रविवारी नागपूरला मोटारींची शर्यत होती, आणि ती जिंकायचीच असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून गाडी हलकी करणं चाललं होतं. स्प्रिंगांच्या जड गाद्या काढून एका हातानं उचलता येतील अशा वेताच्या बैठका बसवल्या. मग दारं काढली. मग छप्परही गेलं.

"एवढं काढल्यावर सांगाडा पिळवटत असेल," नानाजी म्हणाले.

"बराबर. वळनावर कुरकुर कराची. म्हनून तानबानं दोन्ही बाजूंची चेसिस जोडनारी आडवी लोखंडी पट्टी बसवली. इकडे चार, तिकडे चार, आठ नट. त्याच पट्टीवर वेताच्या बैठका. गाडी अशी घट्ट झालती का काय सांगू."

तानबा त्यांच्या जिनिंग फॅक्टरीतला फिटर. खंडेनवमीच्या सकाळी त्यानं आठही नट कसले होते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, दसऱ्याच्या पहाटे, घरात कुणाला न सांगता श्रीधर आपट्याचं सोनं आणायला गाडी घेऊन निघाला. गावाबाहेरचा नाला पाण्यातून पार केला, आणि पलीकडच्या वळणावर बुडाखालची बैठक सरकली.

"गाडी कमरेत मोडल्यावानी झाली. स्टिअरिंग हातात, अन् गाडी भलतीकडेच. कपाशीत घुसली, बाभळीले अडली. बाभळीच्या पुढं विहीर होती, नानाजी." त्यानं गळ्यातला हात सावरला. "उजवीकडचे दोन नट गायब. दोन ढिल्ले."

"तानबा विसरला असेल," माधव म्हणाला.

"तो विसरनारा नाई. थोरले चंद्रभानदादा म्हनते त्याले पोलिसात देऊ. पन गाडी डोळ्यासमोर नको आहे ती दादालेच."

"मग रविवारी जाऊ नका," नानाजी म्हणाले.

"जाईन. हात मुरगळला आहे, मोडला नाई. भिऊन घरी बसलो तर मारनारा जिंकला."

माधवला बहीण आठवली. घरच्या टेबलाच्या खणात इंदिरेची दोन पत्रं होती, एक पोळ्याचं, एक घटस्थापनेचं. दोन्हींत एकच: दादा, तू यांना समजाव. माधवनं उत्तरादाखल एक कार्ड टाकलं होतं, 'काळजी नसावी.' आज गुरुवार. रविवारनंतर बहिणीच्या कपाळाकडे आपल्याला पाहवेल का, हे त्याला कळेना.

दुपारच्या गाडीनं तिघं हिंगणघाटला पोचले.

बैलांनी ओढून आणलेली गाडी अंगणातल्या शेडमध्ये उभी होती. नानाजींनी माधवला डाव्या बैठकीवर बसायला सांगितलं. वेत चरचरला. पायाजवळच्या फटीतून खालची जमीन दिसत होती. दार नाही, छप्पर नाही, धरायला काही नाही. ताशी साठ मैलांच्या वेगात माणूस इथं बसतो, हे मनात येताच माधव घाईघाईनं उतरला.

तानबा कोपऱ्यात उभा होता. पन्नाशीचा, काळासावळा, डोळे रडून सुजलेले.

"नट कसल्याची खात्री काय?" नानाजींनी विचारलं.

"शेंदूर, साहेब. नट कसला का मी रेघ मारतो, अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर. नट फिरला का रेघ तुटते. फॅक्टरीत बी तसंच करतो." शेडच्या दाराच्या चौकटीला सुतळीनं टांगलेली वाटी त्यानं दाखवली. "फॅक्टरीसमोरच्या मारुतीचा आहे, तेलात खललेला. पानी लागलं तरी जात नाई."

"हे नट कोणत्याही पान्यानं निघतात?"

"नाई जी. विलायती आटे. गाडीसंगं आलेला एकच पाना बसते. तो मी खंडेनवमीले मालकाच्या मायबाईच्या हाती पूजेले देल्ला अन् आंजीले गावी गेलतो. काल सांजेले आलो तं हे ऐकलं."

तेवढ्यात चहाचं ताट घेऊन इंदिरा दारात आली, आणि तिथंच थांबली. टांगलेली वाटी नेमकी तिच्या खांद्याशी येत होती.

"तानबाजी, वाटी जरा बाजूले धरा," ती म्हणाली. तानबानं वाटी धरली, तेव्हा ती आत आली. भावाला पाहून मात्र ताटातल्या कपबश्या वाजल्या. "दादा, तू काऊन आला?"

"श्रीधररावांसाठी. भिऊ नको, नानाजी शोधून काढतील."

तिनं ताट खाली ठेवलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पोर भीतीनं अर्धी झाली, माधवला वाटलं, आणि करणाऱ्याचा त्याला मनस्वी राग आला.

मग नानाजी चंद्रभानकडे वळले. थोरला भाऊ, तालमीत कमावलेलं अंग, मारुतीच्या नावानं लग्न न केलेला. रोज सकाळी मारुतीला गेल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसे, आणि उजव्या अंगठ्याचं नख शेंदरानं कायमचं रंगलेलं. ते नख माधवनं वहीत टिपून ठेवलं.

"गाडी मले आवडत नाई, लपवू कशाले?" चंद्रभान म्हणाला. "पन भाऊ आवडते ना. खंडेनवमीले दुपारी मी घरीच होतो. जेवलो, झोपलो. कोनी साक्षीदार नाई. लिहून घ्या."

"रागीट दिसतो," बाहेर आल्यावर माधव कुजबुजला.

"रागीट माणूस घाव समोरून घालतो, मास्तर. चला, देवघर पाहू."

देवघराच्या उंबऱ्याशी आनंदाबाई बसल्या होत्या. श्रीधरची आई, पांढरं कपाळ, हातात जपमाळ. आत पाटावर तानबाची हत्यारं अजून तशीच मांडलेली, झेंडूची फुलं वाळलेली.

"पाट मी मांडला, पूजा सूनबाईनं केली," त्या म्हणाल्या. "हळदीकुंकू का माह्या हातानं वाहीन मी? दसऱ्याले पोराचं असं झालं, मंग पाट उचलाचं भान कोनाले? कोनी हात नाई लावला."

"खंडेनवमीला दुपारी इथं बाहेरचं कोणी आलं होतं?"

"देवघरात? बाहेरचं मानूस देवघरात काऊन येईन?"

नानाजी वाकून पाहत होते. पाटावर पाच पाने होते. चारांवर हळदीकुंकवाचे दोन-दोन ठिपके जसेच्या तसे. पाचवा, सगळ्यांत मोठा, त्याचं कुंकू दांड्यावर फरफटलं होतं आणि जबड्याला काळं वंगण होतं. नानाजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

शेडमध्ये परतल्यावर त्यांनी माधवला गाडीखाली जाऊन आठही नटांचं चित्र काढायला लावलं. माधव मारुतीचं नाव घेत पाठीवर आडवा झाला. वर लोखंड, खाली ओली माती, आणि हे सगळं छातीवर येईल की काय अशी धास्ती. डावीकडे चारही नटांवर नारिंगी रेघा अखंड होत्या. उजवीकडे दोन भोकं रिकामी. उरलेल्या दोन ढिल्या नटांवर रेघ नव्हती, पण आट्यांच्या खाचेत कसलासा रंग होता. माधवनं ओल्या बोटानं तो पुसला आणि कागदावर टेकवला.

"नानाजी," तो बाहेर सरपटत आला. भीती पळाली होती, चेहरा फुलला होता. "हा शेंदूर नाही. शेंदूर नारिंगी असतो, तेलकट. हा लाल आहे आणि पाण्यात विरघळतो. कुंकू आहे हे. वीस वर्षं रंग कालवतोय मी, मला नका सांगू."

नानाजींनी कागद हातात घेतला. मग बराच वेळ कागदाकडे नव्हे, माधवकडे पाहत राहिले.

"मास्तर, तुम्ही चार वाजेपर्यंत वणा नदीकाठी फिरून येता का?"

"का बरं?"

"येता का, एवढंच विचारतो."

माधव कुठं गेला नाही. शाबासकी मिळायची वेळ आणि फिरायला जायचं, हे त्याला पटेना.

चार वाजता सगळे शेडमध्ये जमले. चंद्रभान हाताची घडी घालून, आनंदाबाई पोत्यावर, तानबा कोपऱ्यात, श्रीधर गाडीला टेकून, इंदिरा दाराशी. माधव वही घेऊन मधे.

"तानबानं नट कसले होते," नानाजींनी सुरुवात केली. "डावीकडच्या चार रेघा त्याची साक्ष देतात. उजवीकडचे चार नंतर कुणीतरी सैल केले. ते फक्त एकाच पान्यानं निघतात, आणि तो पाना खंडेनवमीपासून देवघरात पाटावर आहे. पण पूजेनंतर तो उचलला गेला. कुंकू फरफटलंय, जबड्याला वंगण आहे. पूजेला बसलेलं हत्यार तानबा उचलणार नाही, आणि उचलायला तो देवघरात येणार कसा? तो तर आंजीला होता. म्हणजे हात घरातला."

श्रीधरनं थोरल्या भावाकडे पाहिलं. चंद्रभानच्या मानेची शीर ताठ झाली.

"नट सैल करताना शेंदराची रेघ तुटली. ती कुणाला दिसू नये म्हणून जुनी पुसून नवी काढली, पण कुंकवाची. नाल्याच्या पाण्यात शेंदूर टिकला, कुंकू धुऊन गेलं. प्रश्न एवढाच, की शेंदराची भरलेली वाटी हातभर अंतरावर असताना कुणी कुंकू का आणेल? चंद्रभानजी असते तर सरळ वाटीत अंगठा बुडवला असता, आणि माझ्या बापालाही फरक कळला नसता."

माधव मान खाली घालून लिहीत होता, आणि लिहिता लिहिता त्याची पेन्सिल थांबली.

"मारुतीच्या शेंदराला बाई हात लावत नाही," नानाजी हळू आवाजात म्हणाले. "वाटी अंगाला लागू नये म्हणून दारात थांबते. पाना चोरताना जिला भीती वाटली नाही, तिला ही रीत मोडायचं धाडस झालं नाही. घरात बाया दोन. आनंदाबाई कुंकवाला हात लावत नाहीत."

पेन्सिल माधवच्या हातून गळून पडली. कुंकू ओळखलं होतं त्यानंच, मोठ्या ऐटीत. त्यानं वही मिटली.

"मीच केलं," इंदिरा म्हणाली. "तानबाजीले कोनी काही म्हनू नका. कालपासून सांगीन म्हनत होती, तोंडच उघडत नव्हतं."

"तू?" श्रीधर गाडीपासून दूर झाला. "मले माराले?"

"वाचवाले." तिनं पदर तोंडाशी धरला. "जू सुटलं का बैलबंडी जागच्या जागी बसते. मले वाटलं, ही बी बसन. जागची हलनारच नाई अन् रविवार निघून जाईन. तुमी पहाटे न सांगता घेऊन जासान, हे मले काय मालूम? आवाज आयकून अंगनात धावली तं फाटक उघडं होतं. तुमी परत येईपर्यंत मी तुळशीपाशी उभी होती. हातपाय गार पडलते."

"बाईसाहेब," तानबा कोपऱ्यातून म्हणाला, "बंडी बसते. मोटर तशीच धावते जी."

"आता समजलं." ती श्रीधरकडे वळली. "आधी गाद्या गेल्या. मंग दारं गेली. मंग छप्पर. रोज काहीतरी कमी कराचे अन् मले दाखवाचे. काय उरलं होतं? तुमी अन् वारा. मी किती डाव म्हटलं, भेव वाटते मले. तुमी हसले. दादाले दोन पत्रं लिवली. त्यानं कार्ड पाठवलं, काळजी नसावी."

आनंदाबाई उठल्या आणि सुनेच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. चंद्रभाननं तानबाच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलं माह्यं," तो पुटपुटला.

श्रीधर वेताच्या बैठकीकडे पाहत होता. कालपासून तो मारेकरी शोधत होता, आणि भावाचंच नाव मनात धरून बसला होता. त्यानं बैठक एका हातानं उचलली आणि भिंतीशी ठेवून दिली.

"तानबा," तो म्हणाला, "जुन्या गाद्या माळ्यावर आहेत ना? काढून परत बसवजो. अन् दारं बी." मग बायकोकडे न पाहता म्हणाला, "मले बी लय भेव वाटलं वं, त्या विहिरीपाशी. कोनाले सांगू, समजत नव्हतं."

नानाजी टोपी घालून बाहेर पडले. परतीच्या आगगाडीची वेळ झाली होती. माधव मात्र बहिणीसमोर उभा राहिला. बोलायचं पुष्कळ होतं, पण कार्डावरचे ते दोनच शब्द आठवत होते.

"पत्रं ठेवली काय तू?" तिनंच विचारलं.

"खणात आहेत."

"आता वाचजो," इंदिरा म्हणाली.