फरश्यांमागचं दार

“सरळ जा आजी, मग ते तिकडे वळा, लिफ्ट आहे. सहाव्या मजल्यावर उतरा आणि शेजारच्या जिन्याने एक मजला वर चढा. आलेच हाडवैद्य!”

होइचिंगच्या एका हातात लिंबू-चहाचा ग्लास होता आणि दुसऱ्या हातात लोणी लावलेला अननसपाव. त्यामुळे ‘तिकडे’ दाखवायचं काम तिने हनुवटीवर सोपवलं होतं.

“तिकडं म्हंजी कुनीकडं गं, लेकरा?” म्हातारीने काठीवर भार देत विचारलं. बोलण्यावरून ती थोइसानच्या खेड्याकडची वाटत होती. गुडघा चांगलाच सुजला होता.

“तिकडेच हो!” होइचिंगने हनुवटी आणखी जोरात उडवली. म्हातारी मान हलवत इमारतीत शिरली.

वायसान खो खो हसली. “तुझ्या हनुवटीला रंग देऊन चौकात बसवायला हवं. पाटीचा खर्च वाचेल.”

“मग काय करू? सकाळपासून जो येतो तो हाडवैद्य कुठे म्हणून विचारतो. सितो काकांनी दवाखाना वर नेला, आणि पत्ता सांगायचं काम मात्र आमच्या माथी!”

होइचिंगच्या बाबांचं चहाघर क्वुनथाँगमधल्या एका जुन्या कारखाना-इमारतीच्या तळमजल्यावर होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत होइचिंग, वायसान आणि पाकलाम या तिघांचा मुक्काम तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर असे. आज पोहायला जायचं ठरलं होतं, पण वादळाचा तीन नंबरचा बावटा लागला आणि बेत पाण्यात गेला. आता आठ नंबरचा लागणार अशी बातमी होती. त्याआधी सगळ्यांना घर गाठायचं होतं. समोरची दुकानं भराभर शटर ओढत होती.

पाकलाम दुसरा पाव संपवत असताना हाडवैद्य सितो छत्री घेऊन पुढच्या जिन्याने खाली आले.

“लिउ, तुझ्याकडे कुणी गुडघेदुखीवाली म्हातारी आली होती का? मुइबाई म्हणून. पार थोइसानहून यायची होती. वाट बघून मी दवाखाना बंद केला.”

“आली होती की!” बाबा गल्ल्यामागून म्हणाले. “आमच्या आ-चिंगनेच रस्ता दाखवला.”

“मग वादळाच्या धास्तीने परत गेली असेल,” असं म्हणून सितो काका बाबांना खुर्च्या आत घ्यायला मदत करू लागले.

होइचिंगचा घास तोंडातच राहिला. इमारतीला पुढून एकच फाटक होतं आणि ते त्यांच्या टेबलासमोर होतं. म्हातारी आत गेलेली तिघांनी पाहिली होती. बाहेर आलेली कुणीही पाहिली नव्हती.

“विषम मजल्यांची लिफ्ट बंद आहे, म्हणून तू सहाव्यावर उतरायला सांगितलंस,” वायसान सावकाश म्हणाली. “पण आधी सितो काकांना फोन करा, म्हणजे ते सातव्याचं जिन्याचं दार उघडून धरतील, हे सांगितलंस का?”

होइचिंगने सांगितलं नव्हतं. या इमारतीत जिन्याची लोखंडी दारं मजल्यावरून उघडतात, पण जिन्यातून उघडायला त्यांना मूठच नाही. इथल्या माणसांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं की कुणाला सांगावं असं सुचतच नाही. जिन्याने जायचं म्हणजे आधी फोन करायचा! पण थोइसानच्या म्हातारीला हे कुठून ठाऊक असणार? होइचिंगला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“चला,” ती उठली. “आत्ताच्या आत्ता.”

रखवालदार कुओक आपल्या खोलीत घोड्यांच्या शर्यती ऐकत होता. तिघं समोरून गेली तरी त्याने मान वर केली नाही. सम मजल्यांची लिफ्ट चालू होती. सहाव्या मजल्यावर सामसूम होती, सगळे कारखाने बंद करून लोक घरी गेले होते. वायसानने जिन्याचं दार ढकललं, आणि खूप खालून आवाज आला.

“कुनी हाय का हितं?”

“आजी!” होइचिंग ओरडली. “पाकलाम, तू दार धर. काही झालं तरी सोडू नकोस.”

दोघी धडाधड उतरल्या. जिना विचित्र होता. पुढचा आणि मागचा असे दोन जिने एकमेकांत गुंफलेले, त्यामुळे वळणावर वळणं यायची आणि शेवटी एक लांब बोळ. खाली पोचेपर्यंत आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे हे दोघींनाही सांगता आलं नसतं. मुइ आजी शेवटच्या पायरीवर बसली होती. ओठ कोरडे पडले होते.

“वरचं दार उघडंना, मागचं बी उघडंना. मग उतरत आले. आता ह्यो गुडघा म्हनतो, बास.”

तिला उचलून वर न्यायला दोघी पुरत नव्हत्या. वायसानने वर तोंड करून हाक मारली, “पाकलाम, दाराला काहीतरी अडकवून खाली ये!”

पाकलामने आपली एक चप्पल दारात अडकवली आणि तो खाली निघाला. अर्ध्यावर आला असेल नसेल, तोच वाऱ्याचा झोत जिन्यातून शिट्टी घालत वर गेला आणि धाडकन आवाज झाला. पाकलाम पुन्हा वर पळाला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

“दार लागलं,” तो म्हणाला. “चप्पल तिकडच्या बाजूला राहिली.”

“वा! चप्पल तरी सुटली,” वायसान म्हणाली. 

तेवढ्यात दिवे गेले. भिंतीवरचा एक बारका हिरवट दिवा तेवढा राहिला.

तळाशी बाहेर पडायचं दार होतं. त्यावर ठळक अक्षरांत ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ असं लिहिलं होतं. तिघांनी खांदे लावून ढकललं. दार बोटभर सरकलं आणि कशालातरी अडलं. फटीतून दिसली ती खोक्यांची कड, आणि त्यापलीकडे भिंतीची एक पट्टी. भिंतीवर एक हिरवा नळ आणि गळणाऱ्या एसीखाली टांगलेली निळी बादली. पाऊस सुरू झाला होता. थोड्याच वेळात दाराखालून पाणी आत येऊ लागलं.

वायसानच्या फोनला आत अजिबात रेंज नव्हती. मुइ आजीने काठी पुढे केली. “ह्याला बांध की, आन् भाईर काढ.”

वायसानने स्पीकर लावून पाकलामच्या टोपीच्या नाडीने फोन काठीच्या टोकाला बांधला आणि काठी फटीतून बाहेर सारली. रेंजची एक दांडी उगवली. वायसानने ओरडून फोनलाच नंबर सांगितला आणि बाबांचा मोबाइल वाजला.

“बाबा! आम्ही जिन्यात अडकलोय. मुइ आजी पण आहेत.”

“कुठल्या जिन्यात? मी फाटकाशी आलो. कुओक कुलूप लावून, वीज बंद करून केव्हाच पळालाय, फोनही उचलत नाही. अग्निशमनवाल्यांना कळवतो. पण कुठे म्हणून सांगू?”

“इथेच! मागे ये, मग त्या बाजूला वळ, आणि मग तिकडे...”

“आ-चिंग,” बाबांचा आवाज चढला, “तू हनुवटी हलवते आहेस ना? मला दिसत नाही ती!”

होइचिंगने हनुवटी खाली घेतली. ती खरंच हलवत होती.

बाबांनी फोन चालूच ठेवून सितो काकांच्या फोनवरून अग्निशमन दलाशी बोलून घेतलं. अग्निशमनवाले यायला निघणार होते, पण रस्त्यावर झाडं पडली होती, आणि त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला होता. नक्की कुठे? इमारतीमागे गल्ल्यांचं जाळं होतं. सगळ्या गल्ल्यांत दुकानांच्या पाठी, नळ, एसी आणि खोकी. कुठेतरी त्या खोक्यांमागे एक दार होतं, पण बाहेरून ते कुणाला दिसणार?

“हिरवा नळ आहे,” होइचिंग म्हणाली. “निळी बादली आहे.”

“असे हिरवे नळ इथे ढीगभर आहेत, पोरी.”

पाणी आता पहिल्या पायरीला लागलं होतं. पाकलामने आणि वायसानने आजीला धरून दोन पायऱ्या वर बसवलं. तिच्या गुडघ्यातून कळ गेली, तिने ओठ चावला, पण ओरडली नाही. होइचिंगचं रडू फुटायच्या बेतात होतं. तिला गल्लीच ठाऊक नव्हती, तर रस्ता कुठून सांगणार?

“फोनची बॅटरी संपत आलीय,” वायसान हळूच म्हणाली. “काहीतरी कर. तुझ्या बाबांना इथवर आणणं फक्त तुलाच जमेल.”

आपण कुठे आहोत ते नाही सांगता येत, होइचिंगच्या मनात आलं. पण बाबा कुठे आहे, ते तर त्याला ठाऊक आहे! आजवर ती जिथे स्वतः उभी असेल तिथूनच रस्ता सांगत आली होती. विचारणारा कुठे उभा आहे, त्याच्या समोर काय आहे, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

“बाबा, तू आत्ता कुठे उभा आहेस?”

“मासळीवाल्याच्या दुकानामागे.”

“तुझ्यासमोर काय आहे?”

“भिंत. डावीकडे गटार, उजवीकडे गल्ली पुढे जाते.”

“तुझ्याकडे मोठा आवाज करायला काय आहे?”

“घाईत कढईतला झारा हातातच राहिलाय. सितोकडे पत्र्याचा डबा आहे.”

“मग डबा वाजवा. जोरात!”

तिघांनी फटीला कान लावले. पावसाचा आवाज, एसीची घरघर, आणखी काही नाही.

“नाही ऐकू येत. भिंत डाव्या हाताला ठेव आणि पुढे जा. वळण आलं की थांब आणि वाजव.”

वळण आलं. डबा वाजला. अगदी पुसट, जणू कुणी शेजारच्या घरात चमचा आपटतंय.

“ऐकू आला! आता दोन गल्ल्या फुटतात का?”

“फुटतात. एक उजवीकडे, एक समोर.”

“उजवीकडच्या गल्लीत जा आणि वाजवत राहा.”

आवाज बारीक झाला. “चुकलं. मागे फिर आणि समोरच्या गल्लीत शीर.” आवाज मोठा होत गेला. पाकलाम एका चपलेवर नाचायला लागला. “आता वर बघत चल बाबा. निळी बादली दिसते का? एसीखाली...”

फोन बंद पडला.

 बाहेर डबा वाजत होता, मग तोही थांबला. बाबा फोनवर तिच्या उत्तराची वाट बघत असणार. उत्तर आलं नाही तर तो आल्या वाटेने मागे फिरेल.

मुइ आजीने काठी मागितली. नाडी सोडली आणि पायरीवरून वाकून लोखंडी दारावर काठी हाणली. ठण्ण! पुन्हा हाणली.

बाहेरून झाऱ्याने उत्तर दिलं. ठण्ण!

मग एक आत, एक बाहेर, असं सुरू झालं. झारा जवळ आला, पुढे गेला, काठीच्या आवाजाने परत फिरला. शेवटी बाबांचा आवाज अगदी भिंतीपलीकडून आला.

“सितो, निळी बादली तर ही इथे आहे. पण इथे नुसती फरश्यांची खोकी रचलीत!”

“फरश्यांच्या मागे, बाबा!” तिघं एकदम ओरडली.

फरश्या फान शेठच्या होत्या. त्याचं दुकान पलीकडेच होतं. तो शटर अर्धं ओढून घरी निघायच्या तयारीत होता. बाबांनी त्याला अक्षरशः धरून आणलं. तिघा मोठ्या माणसांनी भर पावसात एकेक खोकं बाजूला केलं. दार उघडलं तेव्हा पोटऱ्यांपर्यंत भिजलेली तीन मुलं आणि पाकलामच्या पाठीवर बसलेली मुइ आजी बाहेर आली.

“इथे दार आहे हे मला कसं कळणार?” फान शेठ कुरकुरला. “कुठे लिहिलंय?”

“लिहिलंय की,” वायसान म्हणाली. “मोठ्या अक्षरात. या, आत जाऊन वाचा. आम्ही दार लावून घेतो.”

फान शेठने दाराकडे पाहिलं, आतल्या काळोखाकडे आणि पाण्याकडे पाहिलं. मग उरलेली खोकी उचलायला लागला.

तोवर अग्निशमन दलाचे जवान आले. त्यांनी दार पाहिलं, फरश्या पाहिल्या आणि फान शेठला बाजूला घेऊन जे काय सांगितलं ते ऐकताना त्याची मान खालीच होती. कुओकलाही त्यांनी फोन करून बोलावलं. तो आला तेव्हा पाकलामने त्याला सहाव्या मजल्यावर आपली चप्पल आणायला पाठवलं, आणि उतरताना याच जिन्याने यायला लावलं.

आठ नंबरचा बावटा लागला. एवढ्या वादळात आजीला कुठे धाडणार? बाबांनी चहाघराचं शटर आतून ओढलं आणि चहाघराच्या माळ्यावरच्या आपल्या घरात सगळ्यांसाठी शेवयांचं गरम सूप करायला टाकलं. सितो काकांनी तिथेच आजीच्या गुडघ्याला लेप लावला.

“तिघंही हुशार आहेत,” ते पट्टी बांधत म्हणाले. “मी मात्र म्हातारी परत गेली असेल म्हणून मोकळा झालो.”

“आ-चिंगचं बोलणं ऐकून मी आज पहिल्यांदाच कुठेतरी पोचलो,” बाबा म्हणाले. त्यांचा ओला हात तिच्या डोक्यावर बराच वेळ राहिला.

सगळे हसले. होइचिंगला हसता येईना. ती आजीजवळ जाऊन बसली.

“आजी, त्या जिन्यात तुम्हाला मीच पाठवलं. अर्धवट सांगितलं मी.”

“ठावं हाय मला,” आजी म्हणाली. “पहाटं गाव सोडल्यापासनं कितीजनांना वाट पुसली म्या. समद्यांनी सांगितली. म्या पोचले का न्हाई ते बघाया मातुर तू एकलीच आलीस.”

होइचिंगने डोळे पुसले आणि आजीचा वाडगा पुन्हा सुपाने भरला.