जुना पट्टा

आमची डिझेल गाडी सकाळी सुरू करताना किंचाळायची. माझ्या नवऱ्याने, दीपकने किल्ली फिरवली की बॉनेटखालून बारीक, चिरका आवाज उठायचा, थोडा वेळ ताणून राहायचा आणि इंजिन तापलं की आपोआप बसायचा. आम्ही लालबागला राहतो, जुनी चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये, पहिल्या मजल्यावर. पार्किंग बरोबर आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली. त्यामुळे आवाज आधी आमच्या घरात यायचा, मग बिल्डिंगभर व्हायचा.

“मिलचा भोंगा बंद झाला, तर आता तुमची गाडी!” समोरच्या संघमित्राकाकू जिन्यात गाठून म्हणायच्या.

“बेल्ट झिजलाय, काकू. या रविवारी नक्की बदलतो,” दीपक म्हणायचा. तसे बरेच रविवार गेले.

आमच्या मुलीचं, मनवाचं नुकतंच बारसं झालं होतं. सासूबाईंनी तिच्या कमरेला काळा करगोटा बांधला होता, चांगला घट्टसर. बाळ भरलं की तो रुतायला लागतो, मग सैल करून नवा बांधायचा, अशी त्यांची पद्धत. पण आमच्याकडे तो रुतण्याची वेळच येईना. वरचं दूध मनवा ओकून टाकायची आणि माझं तिला पुरत नव्हतं. अळिवाची खीर झाली, शतावरी झाली. डॉक्टरबाई काट्यावर तिचं वजन बघून चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या. “आईचं दूध वाढलं पाहिजे हं.” मी मान खाली घालायचे. गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी.

एका सकाळी मनवा पाळण्यात गाढ झोपली होती. खाली गाडी किंचाळली आणि मला पान्हा फुटला.

कुर्ता पुढून भिजून पोटाला चिकटला. एवढं दूध मला कधीच आलं नव्हतं. मी घाईघाईने तिला उचललं. ती झोपेतच प्यायला लागली. तिच्या घशातून खाली उतरणाऱ्या घोटाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्या आवाजासारखं गोड काही नाही. मी रडलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी ऑफिसात ऑडिटचं काम करते. योगायोग कुठे संपतो ते मला कळतं. मनवा घसा फोडून रडली तरी छाती कोरडी राहायची. गाडी रडली की मी भिजायचे.

हे सांगणार कुणाला? पोटच्या पोरीच्या हाकेला नाही, रबराच्या झिजल्या पट्ट्याला पान्हा फुटतो, हे कुठल्या तोंडाने बोलायचं? “बॅटरी उतरेल, मी जरा गाडी सुरू करून येते,” असं सांगून मी मनवाला घेऊन खाली जाऊ लागले. मागच्या सीटवर ओढणी पांघरून तिला पाजायचे. तिच्या गालांवर थोडी लाली आली. पुढच्या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, “बघा, प्रयत्न केले की जमतं.” तेव्हाही मी मान खालीच घातली.

मग एकदाचा तो रविवार उजाडला.

गणपत दीपकचा चाळीतला मित्र. भायखळ्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत त्याचं गॅरेज आहे, शेजारीच चहाची टपरी. त्याने बॉनेट उघडून गाडी सुरू करायला लावली, बाटलीतलं पाणी फिरत्या पट्ट्यावर शिंपडलं. किंचाळणं एकदम थांबलं. तोंडात काही मिळाल्यावर मूल थांबतं, तसं. क्षणभराने पुन्हा सुरू झालं. मी मनवाला छातीशी धरून ओढणी सारखी केली. टपरीवरचे दोघेतिघे माझ्याकडे बघत होते.

“कधीचं भुकेलं पोर ठेवलंयस रे आत?” गणपत दीपकला म्हणाला. सगळे हसले.

इंजिन बंद करून त्याने पाना लावला, ताण देणारी पुली मागे ओढली आणि पट्टा काढला. लांबलचक, काळा, आतल्या अंगाला उभ्या खाचा, त्या खाचांना आडव्या चिरा. त्याने तो उलटा वाकवला तेव्हा चिरा ओठांसारख्या उघडल्या. आत काहीतरी पांढरट, ओलं होतं. गणपतने बोटावर घेऊन वास घेतला.

“कूलंट नाही हे. वहिनी, गाडीत दूध सांडलंत काय?”

“नाही,” मी म्हणाले. जरा जास्तच जोरात.

नवा पट्टा बसला. गाडी सुरू झाली आणि काही ऐकूच आलं नाही. दीपक खूश. गणपतने जुन्या पट्ट्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने एक फुली मारली. “अडीनडीला डिकीत राहू दे. नवा समजून कोणी लावायला नको.”

दुसऱ्या दिवसापासून माझं दूध आटलं.

आटलं म्हणजे नावालाही राहिलं नाही. मनवा ओढून ओढून दमायची, तोंड बाजूला करून माझ्याकडे बघायची. लहान मुलं दोष देत नाहीत असं म्हणतात. तिने रडणं कमी केलं, याचीच मला भीती वाटली. दीपक ऑफिसच्या गाडीने गेलाय असं बघून एका दुपारी मी तिला घेऊन एकटीच गॅरेजवर गेले.

“जुना लावा,” मी म्हणाले.

“वहिनी, लोक जुना काढून नवा लावतात.”

“तिला त्या आवाजाशिवाय झोप येत नाही.” सुचलं ते खोटं मी बोलून टाकलं.

गणपत डोकं खाजवत हसला. “माझा मुलगा मिक्सर लावल्याशिवाय जेवायचा नाही. लावतो. पण तुटला तर स्टेअरिंग दगडासारखं जड होईल, लांब जाऊ नका.” त्याने फुलीवाला पट्टा चढवला. किल्ली फिरवली. ती किंचाळी ऐकली आणि माझे डोळे, छाती, सगळं एकदम भरून आलं. मी तिथेच गाडीत बसून मनवाला पाजलं.

संध्याकाळी दीपकने गाडी सुरू करून पाहिली आणि फोनवर गणपतला झापलं. “डुप्लिकेट माल टाकलास ना रे, गण्या? परत ओरडतेय गाडी! मित्राला पण टोपी?” मी बाजूला मनवाचे लंगोट घडी करत होते. पलीकडून गणपतचा आवाज येत होता, आधी चढलेला, मग गोंधळलेला. माझं नाव त्याने घेतलं नाही. मी लंगोटाच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत राहिले.

त्यानंतर सगळं छान चाललं होतं. मनवा रोज पोटभर प्यायची. दूध इतकं यायचं की तिच्या हनुवटीवरून ओघळायचं. गाडीचा आवाज हळूहळू मऊ होत गेला. किंचाळीचं कण्हणं झालं, कण्हण्याचं नुसतं गुरगुरणं. दूध मात्र तेवढंच.

एकदा अंघोळ घालताना सासूबाई थबकल्या.

“गो, ह्यो करगोटो सैल कसो झालो? बारशाक मीच बांधलेलो.”

“दोरा ताणला असेल, आई.”

त्यांनी करगोट्याखाली बोट घातलं. बोटाबरोबर दुसरं बोटही गेलं. त्यांनी आणखी एक गाठ मारून तो आवळला.

डॉक्टरबाईंनी काटा दोनदा तपासला. “पिते म्हणता ना पोटभर?”

“हो.”

“मग जातं कुठे?”

पुढच्या रविवारी दीपक मला आणि मनवाला घेऊन गॅरेजवर गेला. भांडण मिटवायचं होतं त्याला. “बघ बाबा आता, आवाजच बंद झाला आपोआप. सॉरी, यार.”

गणपतने बॉनेट उघडलं. टॉर्च आत धरली. पट्टा बोटांनी वाकवून पाहिला, थोडा पुढे सरकवला, पुन्हा पाहिला.

“बदलायची गरज नाही,” तो सावकाश म्हणाला. “नव्यासारखा आहे. एक चीर नाही.”

“मग! चांगलाच दिला होतास की!” दीपकने त्याच्या पाठीत थाप मारली.

गणपत हसला नाही. त्याने अंगठ्याने पट्ट्याच्या पाठीवर काहीतरी घासलं. ती पांढरी फुली होती. पट्टा भरून आला होता, गुबगुबीत, तुकतुकीत. फुली ताणली जाऊन रुंद झाली होती. गणपतने माझ्याकडे पाहिलं.

‘काढा तो’, एवढंच म्हणायचं होतं.

पण का, ते दीपकने विचारलं असतं. टपरीवरच्यांनी ऐकलं असतं. आणि उद्या मनवाने ओढून ओढून माझ्याकडे बघितलं असतं.

मनवा माझ्या हातावर होती. कापसाच्या उशीएवढी हलकी.

गणपत वाट बघत होता.

“चला,” मी म्हणाले. “ऊन लागतंय तिला.”

गणपतने बॉनेट बंद केलं.

दीपकने गाडी सुरू केली. किंचाळी आली नाही. बॉनेटखालून संथ, ओलसर आवाज येत राहिला. घोटामागून घोट. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कुर्ता भिजत होता.

घरी सासूबाईंनी मनवाला मांडीवर घेतलं. करगोट्याची गाठ सोडली, दोरा कमरेभोवती फिरवला, आणि उरला म्हणून आणखी एकदा फिरवला. दोन वेढे बसले.

“दूध तरी भरपूर येता मा गो तुका?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“हो, आई,” मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं.